कमरेपर्यंत बर्फात

२००६ सालच्या एप्रिलात मी डेन्व्हरला प्रोजेक्टवर होतो. शुक्रवारी दीड-दोन फूट ताजा बर्फ पडला आणि शनिवारी लख्ख ऊन. आमच्या टीम लीडला लगेच डोंगर खुणावू लागले. हा पुण्याचा, आपण सिंहगड किती वेळा चढलोय हे तो प्रत्येक मीटिंगमध्ये सांगायचा. रॉकीज त्याच्या लेखी सिंहगडाचीच एक शाखा होती.

तो, माझा नागपूरचा रूममेट आणि मी असे तिघं निघालो. स्नोशूज भाड्याने देणाऱ्या मुलीने विचारलं, "सिग्नल देणारं बीकन, फावडं घेताय ना? कुणी गाडलं गेलं तर पंधरा मिनिटांत शोधून उकरायला लागतं."

"आम्ही फिरायला चाललोय, विहीर खणायला नाही," लीड म्हणाला. माझं अप्रेझल त्याच्याच हातात होतं, त्यामुळे मी जरा जास्तच हसलो.

पार्किंगमध्ये स्की बांधत बसलेल्या एका म्हाताऱ्याने समोरच्या उताराकडे बोट दाखवलं. "जुन्या बर्फावर नवा बसलाय, वर हे ऊन. दुपारी घसरेल. त्याच्या खालून जाऊ नका."

"काका घाबरलेत यार," लीड मराठीत म्हणाला आणि नेमका त्याच उताराखालून निघाला. फोटो तिथून चांगला येत होता.

साडेबाराच्या सुमारास पायाखालचा बर्फ धप्पकन खाली बसला. रूममेट थबकला. "मी नाही येत बे." मीही थांबलो. लीड पुढे जाऊन पोझ देत होता. तेवढ्यात वरचा थर तडकला आणि खोलीएवढा एक तुकडा सरकत येऊन त्याच्या कमरेशी थांबला.

"अरे, ओढा मला!"

बर्फ सिमेंटसारखा घट्ट झाला होता. मी डब्याच्या झाकणाने उकरत होतो, रूममेट हातांनी. अर्ध्या तासात त्याचे गुडघेही दिसले नाहीत. शेवटी तो म्हातारा आला आणि त्याने फावड्याने दहा मिनिटांत त्याला मोकळं केलं. मग शांतपणे म्हणाला, "तुम्ही तिघंही त्याच उताराखाली होता. वरून आणखी आलं असतं, तर उकरायला कोण उरलं असतं?"

सोमवारी लीडने ऑफिसभर सांगितलं, की त्याने ॲव्हलांच सर्व्हाइव्ह केला. त्यात म्हातारा नव्हता. आम्हीही नव्हतो.

पुढच्या हिवाळ्यात मी आणि रूममेटने हिमस्खलनातल्या सेफ्टीचा कोर्स केला. शिक्षिकेने बर्फात एक बॅग पुरून आम्हाला शोधायला लावली. मला ती पंचवीस मिनिटांनी सापडली.

"छान," ती म्हणाली. "बॅग मात्र केव्हाच मेली."