पावत्यांची ठेव

पौडला माझी बदली झाली तेव्हा माझं काम काय, हे लोकांना समजावून सांगणं मला अवघड जायचं. मी सावकारांचा तपासनीस होतो. राज्याच्या कायद्यानं सावकाराला परवाना घ्यावा लागे, वही ठेवावी लागे, ठरलेल्या दरापेक्षा जास्त व्याज लावता येत नसे आणि हातात आलेल्या प्रत्येक रकमेची पावती द्यावी लागे. हे सगळं होतंय की नाही, ते मी सायकलवरून हिंडून बघायचं. कायदा मला तोंडपाठ होता आणि माणसं अजिबात ठाऊक नव्हती.

मुळशीच्या पुढं घाटाकडे रस्त्याचं काम चाललं होतं. खडी फोडणाऱ्यांना पगार आठवड्याच्या आठवड्याला द्यायचा असं ठरलेलं होतं. पण पगार वाटणारा कारकून पुण्याहून येई तो कधी पंधरा दिवसांनी, कधी तीन आठवड्यांनी. मधल्या दिवसांत चूल पेटवायला एक म्हातारा मुकादम पैसे देई. स्वतःचं काम सुटल्यावर त्यानं सावकारीचा परवाना काढला होता. व्याज रुपयामागे आठवड्याला एक आणा. नवे पैसे चालू झाले होते, पण व्याज अजून आण्यातच चालायचं. तारण म्हणून तो हजेरीचा पितळी बिल्ला ठेवून घेई. बिल्ला दाखवल्याशिवाय पगार मिळत नसे. त्यामुळे पगाराच्या दिवशी मुकादमच सगळ्यांचे बिल्ले घेऊन पुढं उभा राही, पगार उचली, आपलं कापून घेई आणि उरलेलं ज्याचं त्याच्या हातावर ठेवी.

पहिल्याच भेटीत मी त्याला दम भरला आणि छापील पावतीपुस्तक त्याच्या मांडीवर ठेवलं. त्या दिवसापासून तो प्रत्येक पैशाची पावती फाडू लागला आणि ती समोरच्याला मोठ्यानं वाचून दाखवू लागला. माणसाच्या तोंडावर खोटा आकडा लिहायचा नाही, असा त्याचा नेम होता. वही मात्र फक्त माझ्यासारखे बघणार, म्हणून तिथं कायद्याला रुचतील तेवढेच आकडे असत. हे मला पुढं कळलं. तोवर मी माझ्या पावतीपुस्तकावर खूश होतो.

वर्षभरानं खडी फोडणाऱ्यांच्या गँगमधली एक बाई पौडला कचेरीत आली. वरच्या डोंगरवाडीतली, चाळिशीची, एकटीच. शेळी घ्यायला तिनं मुकादमाकडून वीस रुपये घेतले होते. शेळी दुसऱ्या महिन्यात बिबट्यानं नेली, कर्ज तेवढं राहिलं. दर पगाराला ती व्याज भरत होती आणि वीस रुपये होते तिथंच होते. आता काम घाटात पुढं सरकणार होतं. नव्या ओव्हरसियरनं सांगितलं होतं, की पुढच्या पगाराला ज्याचा बिल्ला त्याच्याच हातात दिसेल, त्याचंच नाव नव्या हजेरीत चढेल. मुकादम म्हणत होता, वीस रुपये टाका आणि बिल्ला घ्या. वीस रुपये तिच्यापाशी नव्हते. बिल्ला गेला तर काम गेलं, आणि तिला दुसरं काम नव्हतं.

मी म्हटलं, सोपं आहे. पावत्या आण, कायद्यानं बसणारं व्याज वजा करू, कर्ज कधीच फिटलेलं निघेल.

पावत्या मुकादमापाशीच आहेत, असं ती म्हणाली. तिच्याच नाही, अख्ख्या गँगच्या. पावती फाडली, वाचून झाली, की ती परत त्याच्याकडेच जपून ठेवायला द्यायची अशी पद्धत पडली होती. त्याच्याकडे पत्र्याची पेटी होती. शिवाय या भागात सरकारी छाप असलेला कागद कुणी घरात ठेवून घेत नसे. धरणाच्या वेळी आधी कागद आले आणि मग घरं गेली, हे प्रत्येकानं आईबापांकडून ऐकलं होतं.

मला भयंकर राग आला. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात त्या या. मी तिला बरंच बोललो. एवढा कायदा केला तुमच्यासाठी, आणि तुम्ही पुरावा त्याच्याच घरात नेऊन ठेवता? त्यानं त्या कधीच चुलीत घातल्या असतील. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ठेव हाय ती. ठेव कोन जाळंल?"

तरी मी तिचा अर्ज लिहिला, अंगठा घेतला आणि पुण्याला पाठवला. अर्जात पावत्यांचा उल्लेख केला नाही, कारण त्या अजून असतील असं मला खरंच वाटत नव्हतं.

पगाराच्याच दिवशी पुण्याहून माझे साहेब चौकशीला आले. रस्त्याकडेच्या जांभळीखाली टेबल मांडलं होतं. मुकादमानं वही पुढं केली. वही चोख होती. व्याज कायद्याच्या आत, त्यातलंही निम्मं थकलेलं, मुद्दल शाबूत. साहेबांनी दोनदा पानं उलटली, मग माझ्याकडे बघितलं आणि टोपण लावून पेन खिशात ठेवलं. तेवढ्यात बाई पुढं झाली. साहेबांकडे तिनं बघितलंही नाही.

"मुकादम, माजी ठेव द्या," ती म्हणाली.

मुकादमानं वही मिटली. साहेबांना पावत्यांची गोष्ट ठाऊक नव्हती. कसली ठेव, एवढं जरी तो म्हणाला असता तरी सुटला असता. पण अख्खी गँग उभी होती आणि ठेव मागितली गेली होती. तो उठला, घरी गेला आणि डोक्यावर पेटी घेऊन आला. पेटीत प्रत्येकाच्या पावत्यांची वेगळी गड्डी होती, ज्याच्या त्याच्या धडप्याची चिंधी बांधलेली. त्याला नावं वाचावी लागली नाहीत. हिरव्या चिंधीची गड्डी त्यानं तिच्या हातात दिली आणि तिनं ती साहेबांपुढं ठेवली. मी बेरीज केली. विसाचे तिनं साठाच्या वर भरले होते.

साहेबांनी त्याला विचारलं, हे कागद का ठेवलेस?

"सायेब, व्याज माजं हुतं, घेतलं. कागद तिचं हायेत," तो म्हणाला.

परवाना रद्द झाला. बिल्ला तिच्या हातात आला आणि नव्या हजेरीत तिचं नाव चढलं. इतरांचीही कर्जं त्याच चिंध्यांनी फिटली. तपासनिसाच्या दक्षतेमुळे प्रकरण उघडकीस आलं, असं अहवालात गेलं. ते वाक्य माझंच होतं.

काम घाटात सरकलं. पगार मात्र पहिल्यासारखाच उशिरा येत राहिला. त्याबद्दल कुठल्याच कायद्यानं मला काही तपासायला सांगितलं नव्हतं. मधल्या दिवसांसाठी पैसे कुठून आणायचे, हे विचारायला बाई एकदा कचेरीत आली होती. सोसायटी कर्ज देते ते सातबाऱ्यावर नाव असणाऱ्याला, हे मी तिला नीट समजावून सांगितलं. ती बरं म्हणाली आणि तेरा-चौदा मैल चालत परत गेली.

पावसाळा संपल्यावर मी फेरीला घाटात गेलो, तेव्हा ती खडी फोडत बसली होती. कसं चाललंय विचारलं. चाललंय, म्हणाली. पैशाचं? मुकादम देतो, म्हणाली. आता दोन आणे घेतो, कारण धरला गेला तर तुरुंग आहे. त्यानं तसं सगळ्यांना आधीच सांगितलं होतं.

"आणि पावत्या?" मी विचारलं.

हातोडी थांबवून तिनं माझ्याकडे बघितलं. मी थट्टा करतोय की काय, असं तिला वाटलं असावं.

"आता पावती कुटली, सायेब? लायसन तुमी न्हेलं न्हवं त्याचं?"

मला लाज वाटली. माझ्यापुढं गुन्हा होता, कलम पाठ होतं आणि साक्षीदार समोर बसली होती. खटला केला असता तर मुकादम आत गेला असता आणि पुढच्या पगारापर्यंत तिच्या चुलीवर काही चढलं नसतं. मी तिथंच दगडावर बसलो, फेरीची डायरी काढली आणि त्या दिवसाच्या रकान्यात लिहिलं: या भागात विनापरवाना सावकारी आढळली नाही.