मागचा डावा सिलिंडर

माझ्या भावाला, ललितला, आमच्या आगर गावात सगळे हेडमास्तर म्हणतात. शाळेशी त्याचा काही संबंध नाही हो, आठवीत दोनदा बसला आणि शेवटी मास्तरांनीच हात जोडले. इंजिनाचं डोकं, म्हणजे सिलिंडरचं हेड, तापलं की घात होतो, हे त्याच्या मनात लहानपणापासून पक्कं. कुणीही भेटो, याचं पहिलं वाक्य, "हेड कसं आहे?" माझ्या लग्नात नवरदेव प्रविण जीपमधून उतरत होता, तेव्हाही ह्याने ड्रायव्हरला तेच विचारलं. मी तेव्हाच त्याला चार शब्द सुनावले होते.

दोन हजार अठरात एका ठेकेदाराने खाडीतला चिखल मोजायला पंख्याची होडी आणली. तिला खाली पंखा नाही, मागे पिंजऱ्यात हा एवढा मोठा पंखा, विमानासारखा. पाण्यावर चालते आणि ओहोटीला उघड्या चिखलावरूनही सरकते. चालवायला माझा नवरा प्रविण, इंजिन बघायला ललित. घरात दोन पगार आले म्हणून मीच खूश झाले होते, खोटं कशाला सांगू.

ललितने पहिल्याच दिवशी मान हलवली. म्हणाला, "ताई, याच्यात पाणी नाही. हे नुसत्या वाऱ्यावर थंड होतं. चिखलात होडी हळू चालते, जोर मात्र पुरा लागतो. आणि पुढच्या सिलिंडरना गार वारा मिळतो, मागच्यांना त्यांचा उरलेला गरम." चार सिलिंडरांत मागचा डावा सगळ्यात जास्त तापतो, हे त्याने आठ दिवसांत शोधलं. मग त्याच्या स्पार्क प्लगखाली तापमानाची चकती बसवली आणि तार प्रविणच्या समोरच्या काट्याला जोडली. काटा लालवर गेला की प्रविणने होडी उभी करायची, तोंड वाऱ्याकडे वळवून इंजिन संथ चालवायचं आणि काटा उतरेपर्यंत पुढे जायचं नाही. असा नियम होता. दिवसातून सात-आठ वेळा थांबावं लागायचं.

ठेकेदाराचा माणूस, मनिष साहेब, त्याला हे थांबणं सोसेना. मोजणीची तारीख डोक्यावर होती. एक दिवस धक्क्यावर सगळ्यांसमोर म्हणाला, "काटा खाली आण, नाहीतर दुसरा मेकॅनिक आणतो." दुसऱ्या दिवशी काटा खाली होता. माझ्या नवऱ्याने घरी येऊन किती कौतुक केलं. "तुझा भाऊ म्हणजे जादूगार. दिवसभर एकदाही थांबलो नाही."

मी जेवायला बोलावलं तर ललित आला नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. रोज होडी सुटली की तो धक्क्याच्या टोकाला उभा राहून आवाज ऐकायचा, आवाज दूर गेला तरी तिथेच. मी विचारलं, "काय रे, तब्येत बरी नाही का?" तर म्हणे, "काही नाही." मूग गिळून बसायची त्याला सवय नव्हती, म्हणून मला भीती वाटली. पण मी खोदून विचारलं नाही. ते माझं चुकलं.

त्या दिवशी दुपारी ओहोटी लागली होती. मी धक्क्यावर बोंबील निवडत होते, ललित आणि मनिष साहेब शेजारीच उभे. ललितचा फोन वाजला. प्रविणचा आवाज मला ऐकू येत होता, तो फोनवर नेहमी ओरडूनच बोलायचा. "ललित, जळका वास येतोय रे. पण काटा एकदम गार आहे. येऊ की थांबू?"

ललितने मनिष साहेबाकडे बघितलं. मी ते बघितलं. मग तो म्हणाला, "या भावोजी, या."

इंजिन अर्ध्या वाटेत अडकलं ते कायमचंच. होडीत मोजणीवाले दोघे होते, ते बसून राहिले आणि वाचले, कारण होडी तरंगतेच. प्रविणला वाटलं, भरती आली की होडी भलतीकडे वाहत जाईल, म्हणून तिवराच्या झाडाला दोर बांधायला तो उतरला. वीस पावलंही नव्हती. कमरेपर्यंत रुतला. आपल्या माणसांच्या होड्या पोचायच्या आधी पाणी पोचलं.

चौकशीत लिहिलं, काटा व्यवस्थित होता, चालकाने दुर्लक्ष केलं. माझ्या मेलेल्या नवऱ्यावर दुर्लक्षाचा ठपका. बाराव्याला ललित ओट्यावर आला, खाली मान घालून म्हणाला, "ताई, मी चकती पुढच्या सिलिंडरला बसवली होती. काटा खोटा नव्हता, दुसऱ्याचं सांगत होता."

मी म्हटलं, "चौकशीवाल्यांकडे जाऊन सांग."

"मला आत टाकतील."

"मग नाही सांगितलंस तर तो मेल्यावरही गुन्हेगार."

तीन दिवस तो आला नाही. चौथ्या दिवशी माझ्याबरोबर डहाणूला गेला आणि सगळं लिहून दिलं, मनिष साहेबाचं बोलणंही आणि स्वतःचं 'या'सुद्धा. केस अजून चालू आहे. चौकशीचा कागद मात्र बदलला. प्रविणचं नाव त्यातून निघालं.

आता ललित नरपड, चिंचणीकडे मिळेल ती इंजिनं दुरुस्त करतो. कुठल्याही काट्याकडे बघत नाही, तापलेल्या हेडवर सरळ हात ठेवतो. उजवा तळवा पार भाजून गेलाय. मलम मागायला माझ्याकडे येतो. मी डबी देते. भाऊ आहे, द्यावी लागते. लावून मात्र देत नाही.