मशीनपुरतं एकेरी

चादरीची घडी अर्ध्यावरच राहिली. पलंगाच्या कडेला बसून शिवणकाकूंनी दोन टोकं धरली होती, समोर उभ्या असलेल्या काकांनी दोन. झटकायची, ताणायची, टोकाला टोक लावायचं. पण काकांचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. चादर त्या बाजूने लोंबली आणि घडी अशी तिरकी आली की इस्त्रीवाल्याने कपाळाला हात लावला असता.

"अहो, उजवीकडून वर घ्या जरा."

"घेतोय की. चादरच लांब झालीये."

"कापड धुतल्यावर आटतं, वाढत नाही. एवढं मला कळतं हो."

काका हसले. उरलेली चादर तशीच गुंडाळून त्यांनी उशाशी ठेवली आणि चपला शोधू लागले. "चल, मशीनच्या मिस्त्रीकडे जाऊन येऊ. नाहीतर तो जेवायला जाईल."

काकूंनी कुबडी घेतली, पण तो अर्ध्यात अडकलेला हात काही डोळ्यांपुढून हलेना.

काकूंचे पाय लहानपणच्या एका तापाने गेले. गेले म्हणजे आहेत, पण नावाला. त्यामुळे पायाच्या मशीनचा प्रश्नच नव्हता. त्या शिकल्या हातमशीनवर. उजव्या हाताने दांडा फिरवायचा आणि एकट्या डाव्याने कापड सरकवायचं. लग्नानंतर काही महिन्यांनी, टपाल वाटून तीनला घरी आलेल्या नवऱ्याने पाहिलं, की बाळाच्या अंगरख्याचा गोल गळा एका हाताने वळवताना बायको रडकुंडीला आली आहे. त्याने स्टूल ओढलं, शेजारी बसला आणि दांडा हातात घेतला. "तू कापड सांभाळ. मी फिरवतो."

पहिल्याच गळ्याला घोटाळा झाला. काकू म्हणाल्या, "थांबा." त्यातला 'बा' तोंडातून बाहेर पडेपर्यंत सुई खुणेच्या दोन टाके पुढे! उसवलं, परत शिवलं, परत तेच. तिसऱ्यांदा उसवताना काका म्हणाले, "त्या 'बा'चा काना गाळ बरं. मला मान नको, गळा नीट हवा."

तेव्हापासून मशीनवर काकूंचं एकेरी सुरू झालं. 'घे' म्हटलं की फिरवायचं. 'सावकाश'. 'एक' म्हणजे एकच टाका, त्याहून केसभर जास्त नाही. आणि 'थांब'. मशीनवरून उठल्या की काकूंचं लगेच "अहो, चहा घेताय ना?" सुरू. लेक लहान असताना विचारायची, "आई, तू बाबांना फक्त शिवताना का गं ओरडतेस?" ते ओरडणं नव्हतं. चारचौघांत आपण देवाची थोरवी गातो, पण एकटं असलो की त्याला 'तू'च म्हणतो ना? काकूंची तशी जागा ती होती. रोज तीन ते पाच, एकतीस वर्षं.

गेल्या आठवड्यात त्या मशीनच्या आतल्या चाकाचे दात तुटले.

मिस्त्रीने मशीन उलटं करून ठेवलं होतं. काकूंना पाहून त्याने नुसती मान हलवली. "काकू, चाक मिळणार नाही. हे मॉडेल कधीच बंद झालंय."

"बंद कुठे? गेल्या आठवड्यापर्यंत चालत होतं."

"तसं बंद नाही हो. कंपनीने काढायचं बंद केलं."

"मग तसं सांगा ना. मी म्हटलं, इतकी वर्षं आम्ही दोघं बंद मशीनवर शिवत होतो की काय!"

मिस्त्री हसला. मग मागच्या फळीवरून त्याने एक जड पेटी खाली घेतली. आत अगदी तसंच हातमशीन होतं, त्याच नक्षीचं, कुणाच्या तरी घरात न वापरता राहिलेलं. "घेताय का? फक्त एक सांगतो, याचं काही मोडलं तर माझ्याकडे इलाज नाही. नाहीतर बटणावरचं नवीन घ्या. मुख्य रस्त्यावरच्या दुकानात आहे, त्याला पाय लागत नाहीत, हातही नाही."

हातही नाही, हे ऐकून काका पेटीवर जवळजवळ झडपच घालून बसले. "नवीन कशाला? वीज गेली की बसा हात चोळत. हे बघ, कसं लोण्यासारखं फिरतंय!" फिरवलं त्यांनी, पण डाव्या हाताने.

"उजव्याने बघा ना."

"उजव्या हातात पिशवी आहे."

पिशवी काकूंच्या कुबडीला अडकवलेली होती. काकूंनी पिशवीकडे पाहिलं, मिस्त्रीने पाहिलं, काकांनी छताकडे पाहिलं. टपालाची पिशवी त्याच उजव्या खांद्यावर वाहून माणूस निवृत्त झाला, आणि वर रोज दोन तास दांडा. दुखत किती असेल आणि किती दिवस, ते देवालाच ठाऊक. यांनी तोंडातून ब्र काढला नव्हता.

"आज सांगत नाही," काकू मिस्त्रीला म्हणाल्या. "नवीनही बघून येतो."

 घरी आल्यावर जेवणं झाली, भांडी झाली, घड्याळात तीन वाजले. काका सवयीने खिडकीपाशी गेले. मशीनच्या जागी टेबलावर चौकोनी डाग होता. त्यांनी स्टूल थोडं सरकवलं, परत होतं तिथे ठेवलं.

"घे तू नवीन," ते पाठमोरेच म्हणाले. "शिवतेस तू. माझं काय, मी नुसता हमाल."

"असं काय बोलता?"

"बरं, इंजीन म्हण." ते हसायला गेले, पण जमलं नाही. "मी काय करू तेवढं सांग. तीन ते पाच. पेपर तर सकाळीच वाचून होतो."

काकूंना एकदम कळलं, की यांना मशीनचं काहीच पडलेलं नाही. आणि आपल्यालाही नाही. जुनं घ्यावं तर यांचा खांदा आपण आपल्या हाताने मोडणार. नवीन घ्यावं तर यांना त्या स्टुलावरून उठवणार. खांद्याचं तोंडावर विचारावं तर हे कबूल करायचे नाहीत, उलट हट्टाने दांडा फिरवून दाखवतील. संध्याकाळी हात जोडले तेव्हा त्यांना रोजचं काहीच मागायला सुचलं नाही. 'देवा, मशीन तू ठरव. यांचं स्टूल तेवढं रिकामं ठेवू नकोस,' एवढंच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेल्यावर काका मुद्दाम दाराशी उभे राहिले, गिऱ्हाईक नसल्यासारखे. दाखवणारी मुलगी चुणचुणीत होती. तिने काकूंना खुर्ची दिली, कुबडी भिंतीला टेकवली आणि सुईच्या वरचं हिरवं बटण दाखवलं. "पॅडल लावलंच नाही, की यावर चालतं. एकदा दाबलं की सुरू, परत दाबलं की थांबतं. हे सरकवलं की वेग कमी-जास्त. सोप्पंय काकू!"

तिने तुकड्यावर खडूने गोल काढून दिला. काकूंनी दोन्ही हात कापडावर ठेवले, बटण दाबलं. मशीन कुरकुर न करता निघालं. टाका तर इतका एकसारखा की काकूंना कबूल करावंच लागलं. वळण आलं, कापड हातात अलगद फिरलं, खडूची खूण जवळ आली.

"थांब!"

मशीन कुठलं थांबायला! खूण ओलांडून तुकड्याच्या काठापर्यंत गेलं.

"अहो थांब काय म्हणताय त्याला," मुलगी खुदकन हसली. "ते ऐकत नाही काकू, दाबायचं असतं."

"हो गं बाई, समजलं." काकूंनी परत सुरुवात केली. वळण, खूण, दोन्ही हात कापडात गुंतलेले. बटणाकडे हात न्यायचा तर कापड सोडावं लागणार. तोंडातून पुन्हा सवयीने गेलं, "थांब!"

आणि मशीन थांबलं. सुई खडूच्या बरोब्बर रेघेवर.

काकूंनी वर पाहिलं. दाराशी उभे असलेले काका डाव्या बाजूला येऊन उभे होते आणि त्यांचं बोट बटणावर होतं. कधी आले, कसे आले, त्यांनाही सांगता आलं नसतं. 'थांब' ऐकू आलं, एवढंच.

मुलगी दोघांकडे बघत राहिली. "काका, याला दोन माणसं लागत नाहीत."

"लागत नाहीत," काकू म्हणाल्या, "पण आमच्यात आहेत." मग दुकान, गिऱ्हाइकं, काही न बघता त्यांनी दोन्ही हात कापडावर ठेवले आणि म्हणाल्या, "घे."

काकांनी बटण दाबलं. कोपर टेबलावर, खांदा जागच्या जागी, कष्ट फक्त एका बोटाला.

"सावकाश."

त्यांनी वेगाची पट्टी मागे घेतली.

"एक."

काका गांगरले. दाबलं, लगेच परत दाबलं, पण तीन टाके गेले. "हे शिकावं लागेल," ते घाईघाईने म्हणाले. "दोन-चार दिवस लागतील मला. वायरही मोठी लागेल, खिडकीपर्यंत." बोलताना त्यांनी मुलीकडून माहितीचं पुस्तक मागून घेतलंसुद्धा. काकूंनी मिस्त्रीला निरोप पाठवला, की ती पेटी दुसऱ्या कुणाला द्या, चांगल्या घरी जाऊ दे.

नवीन मशीन खिडकीशी बसलं. बटण डावीकडे, म्हणून स्टूलही डावीकडे आलं. पहिल्या दुपारी काका बसले आणि काम सोडून बायकोकडे बघत राहिले.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"एकतीस वर्षं तुझा उजवाच कान बघितला. या कानामागे तीळ आहे, कधी बोलली नाहीस."

"मला तरी कुठे दिसतो? घे आता."

एक उशीचा अभ्रा आणि दोन गळे झाले. चहा पिताना काकूंनी शांतपणे सांगितलं, "अहो, आता खांद्याला दुसरं काही काम नाही. आता तरी खरं बोला."

काकांनी बशीत बघितलं. "दिवाळं निघालंय त्याचं," ते म्हणाले. "रात्री कूस बदलता येत नाही. सांगितलं असतं तर तू मला उठवलं असतंस तिथून."

 काकूंनी बशी त्यांच्या हातातून घेतली, खाली ठेवली आणि तो उजवा हात थोडा वेळ आपल्या मांडीवर घेऊन बसल्या.

सोमवारी सकाळी साडेनऊला त्यांना घेऊन हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं आहे.