पडद्याशेजारची आक्का

आक्काला हळू बोलता येत नसे. ती रागानं ओरडायची असं नाही. तिचा साधा आवाजच शेताच्या या बांधावरून त्या बांधावर जाणारा होता. सरकारी दवाखान्यात शेजारच्या बाईला तिनं आपलं दुखणं सांगितलं, की ते औषधाच्या खिडकीतल्या माणसालाही कळायचं. एकदा एका मयतीच्या घरी ती 'सरपन कमी पडंल का?' असं कुणाच्या तरी कानात विचारायला गेली आणि रडणारी माणसं क्षणभर गप्प झाली. गावानं तिचं नाव 'कर्णा' पाडलं होतं. 'आक्का, जरा हळू' असं कुणी म्हटलं की उत्तर ठरलेलं, "हळू बोलायला म्या काय चोरी केलीया?"

काष्टीहून दहाएक मैलांवर आमचं गाव. नव्वदीच्या त्या वर्षांत फाट्यावर माझं झेरॉक्सचं दुकान होतं, आणि खिशात नगरच्या एका दैनिकाचं वार्ताहराचं ओळखपत्र. दुकानावर पोट चालायचं, ओळखपत्रावर ऐट. आक्का बौद्धवाड्यातली. नवरा लवकर गेला. ती दुसऱ्याच्या रानात खुरपणी, कांदा लागवड अशी रोजानं कामं करायची. मुलगा सुभाष साखर कारखान्यात हंगामी कामगार, आणि सून सुनंदा दहावी पास. रोज संध्याकाळी सुनंदा ओट्यावर बसून कालचा पेपर मोठ्यानं वाचायची आणि आक्का भाकरी थापता थापता ऐकायची. मध्येच थांबवायची, "ही वळ परत वाच. ह्यात कोन बोलतंय?" स्वतः तिला अक्षर येत नव्हतं. पण पेपरात कोण बोलतंय हे विचारणारा आमच्या गावात तिच्याशिवाय दुसरा माणूस मला आठवत नाही, आणि मी तर त्याच पेपरात लिहीत होतो.

सभेला मात्र ती हटकून जायची. कुठल्याही पक्षाची असो, पुढच्या रांगेत फतकल मारून बसायची. पुढाऱ्यांची एक रीत असते. ते लोकांनाच विचारतात, "सांगा, तुम्हाला पाणी पाहिजे का नको?" सगळे ओरडतात, "पाहिजे!" त्या गजरात आक्काचा आवाज वेगळा उठायचा, "कवा?" लोक हसायचे, पुढारीही हसायचा. पुढे तो म्हणायचा, "आपल्याला रस्ता पाहिजे का नको?" "पाहिजे!" आणि लगेच, "कवा?" एक नवखा वक्ता तर या एका शब्दानं भाषणच विसरला. तिला त्यात चेष्टा करायची नसे. तिला खरंच तारीख हवी असायची.

आमच्या भागाचे साहेब मात्र विसरणाऱ्यांतले नव्हते. मी कुणाचं नाव घेत नाही. असे साहेब तेव्हा प्रत्येक भागाला एक होते. साखर कारखानाही त्यांच्याच ताब्यात. माणूस गोड. गावातल्या म्हाताऱ्यांची नावं त्यांना तोंडपाठ. लग्नात आले की आचाऱ्याच्याही खांद्यावर हात ठेवायचे. आक्काचा नवरा आजारी पडला तेव्हा त्याला नगरला न्यायला त्यांचीच जीप आली होती, आणि हे आक्का कधी विसरली नाही. त्यांच्यावर कुणी वाकडं बोललं तर ती म्हणायची, "साहेब वाईट न्हाई. पर आपुनच त्येला वाईट व्हायची सवय लावतोय. त्यो कायबी बोलतो आन् आपुन टाळ्या वाजवतोय."

त्या वर्षी निवडणूक तोंडावर आली आणि गावच्या नळपाणी योजनेचं उद्घाटन निघालं. टाकी बांधून वर्ष झालं होतं. पाणी कधी चढलं नव्हतं. उद्घाटनाच्या दिवशी सकाळी नळकोंडाळ्याच्या चारी तोट्यांना धो धो पाणी आलं. बायका हंडे घेऊन धावल्या. व्हिडिओ कॅमेरा घेतलेला एक माणूस 'ताई, जरा हसा' म्हणत होता, पण सांगायची गरजच नव्हती. आक्कानं हंडा भरला, ओंजळीनं तोंडावर पाणी मारलं आणि ती अशी खदाखदा हसली की मीही हसायला लागलो. साहेबांच्या कार्यालयातून आलेला मजकूर मी जसाच्या तसा पेपरला पाठवला. वर मथळा माझा: 'टंचाईग्रस्त गावात अवतरली गंगा'.

दुपार व्हायच्या आतच तोट्या कोरड्या पडल्या. आदल्या रात्री टाकीत तीन टँकर रिकामे केले होते, हे टाकीजवळ राहणाऱ्या गुराख्यानं दोन दिवसांनी सांगितलं.

आठवडाभरानं गावात व्हिडिओ रथ आला. मोठ्या टेम्पोच्या पाठीवर पडदा, बाजूला भोंगे, दिवेलागणीला चौकात गर्दी. तेव्हा गावात टीव्ही होते चारच, त्यामुळे पडद्यावर काय आहे यापेक्षा पडदा आहे याचंच लोकांना अप्रूप. साहेब शेतात, साहेब शाळेत, साहेब दिंडीत. मग गाणं सुरू झालं आणि पडदाभर आक्का आली. हंडा, ओंजळ, ते हसू. मागून भारदस्त आवाज बोलत होता, "या माउलीच्या डोळ्यांतला आनंद हीच आमच्या साहेबांची कमाई!" पोरांनी शिट्ट्या मारल्या. "कर्णा सिनेमात आली!" मी वळून पाहिलं. आक्का पदर तोंडाशी धरून उभी होती. तिला मी गप्प बघितलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दुकानात आली. हातात पेपरचं कात्रण. ते तिनं झेरॉक्सच्या काचेवर ठेवलं.

"भाऊ, ही बातमी तुमी लिवली?"

"हो, आक्का."

"पानी कोन भरतं? मी भरते. मग मला का न्हाई इचारलं?"

मी काहीतरी पुटपुटलो. तिकडून मजकूर येतो, तसा द्यावा लागतो, असंच काहीसं.

"तिकडून येतो आन् तुमी फकस्त पुढं ढकलता. मग तुमच्यात आन् त्या टेम्पोत फरक काय?" तिनं कात्रणावर बोट ठेवलं. "आन् त्यात मी हसतेय. पानी आलं म्हनून हसले, भाऊ, मी खरंच हसले. माजं खरं हसू घेऊन त्यांनी खोटं केलं. आता बाकीच्या गावच्या बाया म्हनत्याल, त्यांच्याकडं पानी आलं, आता आपला बी नंबर लागंल. माज्या तोंडाकडं बघून मत देत्याल. हे मी हू द्यायची न्हाई."

त्याच दिवशी तिनं खुरप्याचं काम सोडलं, रिकामा हंडा कमरेवर घेतला आणि रथ ज्या गावाला गेला होता त्या गावची एस.टी. पकडली. मीही गेलो. धाडस म्हणून नाही. लाज वाटली म्हणून.

त्या गावच्या चौकात पडद्यावर ती आली तशी खरी आक्का उठली आणि पडद्याशेजारी जाऊन उभी राहिली. एक हसणारी, एक नुसती उभी. हंडा तिनं उलटा धरला. "बायांनो, ती बाई मी हाय! ह्यो त्योच हंडा हाय. ते पानी टँकरचं हुतं. दुपारपातुर बी टिकलं न्हाई!" रथावरच्या माणसानं आवाज वाढवला. भोंगे फाटायची वेळ आली. पण आक्कानंही आवाज चढवला आणि तो भोंग्यांच्या वरून गेला. लोक आधी हसले. मग एका म्हातारीनं पुढे येऊन तिचं तोंड जवळून पाहिलं, पडद्याकडे पाहिलं आणि मागे वळून म्हणाली, "तीच हाय गं."

असं तिनं पाच गावांत केलं. रोजगार बुडवून, कधी एस.टी.नं, कधी चालत. दोन ठिकाणी तिला ढकललं. एका ठिकाणी हंड्याला पोचा आला. मग साहेबांचे कार्यकर्ते प्रचाराच्या जीपमधून आमच्याच गावात सांगत फिरू लागले की विरोधकांनी या बाईला साडी आणि पैसे दिले. ज्या बायकांबरोबर ती हसत हंडे भरत होती त्यांतल्या काही जणी तिच्याकडे बघेनाशा झाल्या. सुभाष कारखान्यावरून सायकल हाणत घरी आला. मी त्यांच्या ओट्यावरच बसलो होतो.

"आई, मला शेतकी ऑफिसात बोलावलं हुतं. म्हनले, आईला आवर, न्हाईतर पुढच्या हंगामाला येऊ नको. गप बस ना तू! येका हंड्यापायी माजी नोकरी घालवती का?"

आक्कानं चुलीतलं लाकूड पुढे सारलं आणि म्हणाली, "नोकरी त्यांनी दिली आसंल बाबा. तोंड न्हाई दिलं." सुभाष जेवला नाही. सायकल काढून तसाच निघून गेला. तो गेल्यावर ती मला म्हणाली, "प्वार खरं बोलतंय, भाऊ. त्येचं चुकत न्हाई." आवाज नेहमीसारखाच मोठा, फक्त शेवटी तुटला.

शनिवारी काष्टीचा बाजार. बैलांच्या बाजाराला चार तालुक्यांची माणसं, त्यामुळे रथ तिथं येणार हे नक्की होतं. त्या दिवशी साहेब स्वतः आले. पडद्यावर गाणं लागलं, आक्का शेजारी जाऊन उभी राहिली, हंडा उलटा केला. कार्यकर्ते धावले, पण साहेबांनी हातानंच त्यांना थांबवलं. ते टेम्पोवरून उतरले, हात जोडत तिच्यापर्यंत गेले आणि भर बाजारात वाकून तिच्या पायावर डोकं ठेवलं. कॅमेरा फिरतच होता. "ही माझी आई आहे," साहेब माईकवर म्हणाले, "आईनं पोराला रागवायचं नाही तर कुणी?" टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारच्या एका माणसाच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं. माझ्याही मनात आलं, झालं, संपलं. हा माणूस जिंकला.

आक्का एक पाऊल मागे सरली. "पाया नगं पडू, बाबा. पाया पडलं की मानसाचं तोंड दिसत न्हाई. उठ, आन् माज्या तोंडाकडं बघून सांग, ते पानी टँकरचं हुतं का न्हाई?"

माईक साहेबांच्या हातात होता, पण तिला माईक लागत नव्हता. सगळ्या बाजारानं ऐकलं. साहेब उठले. तोंड उघडलं आणि मिटलं. किती वेळ गेला असेल? एक बैल हंबरला तेवढाच. मग मागून कुणाच्या तरी इशाऱ्यावर बँड सुरू झाला, घोषणा झाल्या, साहेब गाडीत बसले. मात्र त्या दिवसानंतर चित्रफितीतून ते नळकोंडाळं काढून टाकलं, हे मी पुढच्या दोन गावांत डोळ्यांनी पाहिलं.

ही सगळी हकिकत मी पेपरला लिहून पाठवली. छापून आली नाही. मग मी त्या मजकुराच्या झेरॉक्स काढल्या, एक दुकानाच्या दारावर चिकटवली आणि मागेल त्याला एकेक देत राहिलो. महिन्याभरात माझं ओळखपत्र परत मागवलं. ते पोस्टात टाकताना वाईट वाटलं नाही असं म्हटलं तर खोटं होईल.

साहेब निवडून आले. चांगल्या मतांनी आले. सुभाषला पुढच्या हंगामाचं बोलावणं आलं नाही. तो सुनंदाला घेऊन दौंडकडे गेला, तिथं एका कारखान्यात लागला आणि वर्षभर आईशी बोलला नाही. सणाला सुनंदा एकटीच यायची. आक्काचं रोजाचं कामही निम्म्यावर आलं. कुणी विचारलं, 'एवढं करून काय मिळालं?' तर ती म्हणायची, "माजं तोंड मला परत मिळालं."

पुढे ग्रामपंचायतीत बायकांच्या राखीव जागा आल्या तेव्हा वाड्यातल्या बायकांनी तिला उभं केलं. अर्ज भरायच्या दिवशी सुभाष दौंडहून रजा काढून आला, कुणी न बोलावता. तालुक्याला जाताना दोघं एस.टी.त शेजारी बसले होते. काय बोलले ते सगळ्या गाडीनं ऐकलं असणार, पण मला कुणी सांगितलं नाही. आक्का निवडून आली. सुनंदानं तिला सही शिकवली.

तोवर योजनेला एक दिवसाआड पाणी येऊ लागलं होतं, वरच्या आळीला. बौद्धवाड्यात अजून तोटी नव्हती. तरी ग्रामसभेत साहेबांच्या अभिनंदनाचा ठराव आला. सगळे हात वर झाले, आक्काचा झाला नाही. ग्रामसेवकांनी मान वर न करता लिहिलं आणि वाचून दाखवलं, "सदर ठराव सर्वानुमते मंजूर."

"भाऊसाहेब, सर्वानुमते म्हंजी काय?" आक्कानं ग्रामसेवकांना विचारलं.

"म्हणजे सगळ्यांच्या मतानं, आक्का."

"मग मी कोन?"

सरपंच वैतागले. "आक्का, एका मतानं काय फरक पडतोय? ठराव तर झालाच ना?"

"तुमाला न्हाई पडत. कागदाला पडतो. उद्या कुनी वाचलं तर म्हनंल, गावात येक बी मानूस येगळं बोललं न्हाई. दुसरा शबुद घाला."

आक्का काही वर्षांपूर्वी गेली. आता माझ्या मोबाईलवर रोज कुठल्या तरी गावातल्या कुठल्या तरी हसणाऱ्या माणसाची चित्रफीत येते. मी ती पुढे पाठवत नाही. ओळख काढून त्या गावात फोन लावतो आणि विचारतो. लोक मला विक्षिप्त म्हणतात.

मागच्या वर्षी एका कामासाठी ग्रामपंचायतीत गेलो होतो, तेव्हा जुनी ठरावबुकं काढायला सांगितली. कडेला वाळवी लागलेलं ते पान सापडलं. 'सर्वानुमते' या शब्दावर आडवी रेघ आहे. वर बारीक अक्षरात 'बहुमताने' लिहिलं आहे. आणि खाडाखोडीची साक्ष म्हणून बाजूला तिची सही आहे, ओळ सोडून वर चढत गेलेली, पानावरच्या बाकी सगळ्या सह्यांपेक्षा मोठी.