कणगीकडे बघणारी आजी

समस्त वाचकांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, पोलादपुरात आमच्या शेजाऱ्याच्या मुलीचं जुळत आलेलं लग्न भाताच्या कणगीपायी मोडायला आलं होतं. मी स्वतः तिथे पोहे खात होतो.

वरंधहून मंडळी मुलगी बघायला आली होती. मुलाला आईबाप नव्हते, त्यामुळे पसंती द्यायची ती त्याच्या आजीने. मुलगी समोर पाटावर बसली, तर आजी मान वळवून कोपऱ्यातल्या कणगीकडे बघत राहिली. इतकं मन लावून कणगीकडे बघणारं माणूस मी कधी पाहिलं नव्हतं. म्हणून मीही डोकावलो. आत भातच होतं. पुढ्यातली सुपारी मात्र तिने चाचपून उचलली, याचं मला नवल वाटलं.

मुलीचा बाप माझ्या कानाशी लागला, "पोरगी पसंत नाय. तोंडाकडं बघत पण नाय म्हातारी."

मुलीने ते ऐकलं असावं. तिने पाट उचलला आणि कणगीपुढे, म्हातारीच्या नजरेसमोर जाऊन बसली. तशी म्हातारीने मान थेट दाराकडे फिरवली.

बाप उठलाच. "आजी, नको असंल तर तसं सांगा. पोरीचा अपमान कशाला?"

म्हातारी कावरीबावरी झाली. "अपमान कसला रे बाबा? वयानं डोळ्यातला पडदा झिजलाय माझ्या. समोर बघितलं की माणसाच्या तोंडावर काळा डाग येतो. नातवानं मुंबईच्या डाक्टरला दाखवलं. तो म्हनला, चष्म्याचा उपेग नाय, कडेनं बघायची सवय कर."

मग ती मुलीवरच करवादली, "आनि तू गो, जागची हलू नको. आत्ता कुठं तुझं नाक सापडलं होतं."