बोंडलं विकणारा आजोबा

सदर इसमाचे नाव मल्लिकार्जुन गुरप्पा शेटे. वय वर्षे त्रेसष्ट. राहणार वडवणी, जिल्हा बीड. धंदा : स्टील, पितळ व तांब्याच्या भांड्यांची विक्री. बांधा मध्यम, वर्ण सावळा, कपाळावर भस्माची तीन आडवी बोटे, गळ्यात शिवदोऱ्यात ओवलेली चांदीची पेटी व तीत इष्टलिंग. ओळखीची खूण : हाती येईल ते भांडे बोटाच्या पेराने वाजवून पाहतो. वर्तणूक नियमित. दुकानाची वेळ सकाळी नऊ ते रात्री नऊ असून गेल्या एकोणचाळीस वर्षांत दुकान उशिरा उघडल्याची नोंद नाही. वडील वारले त्या दिवशी ते उघडलेच नाही, त्यामुळे तो उशीर धरता येत नाही. लहान मुलास दूध पाजण्याचा पूर्वानुभव : निरंक.

असला कागद कुठल्याही कचेरीत नाही. असता तर शेटे अप्पांनी त्यावर विनातक्रार सही केली असती, शेवटच्या नोंदीवर तर जरा अभिमानानंच. पण गेल्या श्रावणाच्या सुमाराला नेमकी तीच नोंद बदलायची पाळी आली.

अप्पांची सून रुद्राणी तेलगावच्या पुढं एका गावात ग्रामसेविका आहे. तिची बाळंतपणाची रजा एकशे ऐंशी दिवसांची होती आणि एकशे ऐंशी दिवस येत्या रविवारी संपत होते. सोमवारी हजर व्हायचं होतं. मुलाचं नाव मृत्युंजय, वजन सात किलो दोनशे. त्यानं आईच्या दुधाखेरीज काही पाहिलं नव्हतं आणि आईखेरीज ते दुसऱ्या मार्गानं मिळू शकतं ही गोष्ट त्याला मान्य नव्हती. रुद्राणी दूध काढून डबीत भरून ठेवायची, सासूबाई ती डबी गरम पाण्याच्या वाडग्यात ठेवून कोमट करायच्या, आणि ते दूध ओठाला लागलं की मृत्युंजय तोंड मिटून मान फिरवायचा. जुलमानं एक थेंब आत गेलाच, तर तो दोन थेंब बाहेर काढायचा. दुसरा कुठून आणायचा, देव जाणे.

"सोमवारपर्यंत घेतलं तर जाईन," रुद्राणी म्हणाली. "न्हाई घेतलं तर बिनपगारी वाढवून मागीन. अन् ती न्हाई मिळाली तर..."

वाक्य तिनं तिथंच सोडलं. या घरात ते वाक्य पूर्वी एकदा पुरं झालेलं होतं.

अप्पांच्या बायकोला, शांतादेवींना, एक्क्याण्णव साली जिल्हा परिषदेची ऑर्डर आली होती, पालीच्या शाळेवर. त्या अकरा दिवस शाळेत गेल्या. मुलगा अमरनाथ तेव्हा पाच महिन्यांचा. त्यानं अकरा दिवस आजीच्या हातून काही घेतलं नाही आणि रडून रडून आवाज घालवला. बाराव्या दिवशी सकाळी अप्पा म्हणाले, "राहू दे आता." राहिलं. ती ऑर्डर कपाटात साड्यांखाली प्लास्टिकच्या पिशवीत आहे. तिच्याबद्दल दोघं पुढं चौतीस वर्षं बोलले नाहीत, आणि बोलणं झालं नाही म्हणजे विषय मिटला असा अप्पांचा हिशोब होता.

रुद्राणीचं वाक्य अर्धं राहिलं तेव्हा शांतादेवी तुरीची डाळ निवडत होत्या. त्यांनी एकदा अप्पांकडं पाहिलं आणि परत डाळीतले खडे वेचायला लागल्या. सोमवारचं काम आपल्या अंगावर आलंय, हे अप्पांना तेवढ्यावरून कळलं.

भांड्याच्या व्यापाऱ्याला दोष आधी भांड्यात दिसतो. पोरगं पीत नाही म्हणजे भांडं चुकलंय. अप्पांच्या दुकानात बोंडलं मिळतं. बोंडलं म्हणजे चोच असलेली इवलीशी वाटी; चोच बाळाच्या ओठात धरली की दूध बेतानं आत जातं. अशी बोंडली अप्पांनी आजवर शेकड्यांनी विकलेली. प्रत्येक वेळी पेरानं टण् करून वाजवायचं आणि म्हणायचं, "घेऊन जा, पोरगं मागून पिईल." एकही परत आलं नव्हतं. यालाच ते पुरावा समजत.

मंगळवारी स्टीलचं बोंडलं झालं. बुधवारी कल्हई केलेलं पितळेचं. बारशाला आलेलं चांदीचं बोंडलं मृत्युंजयनं लाथेनं उडवलं, त्याला पोचा आला. मेडिकलमधून बाटली आणली. तिचं रबरी बूच त्यानं चघळून पाहिलं आणि आजोबांकडं असं बघितलं की अप्पांनीच ती बाजूला ठेवली. बाटली पाहून लसीकरणाच्या सिस्टरनंही वेगळ्या कारणानं नाक मुरडलं.

"बाटली नको अप्पा, नीट साफ होत न्हाई. उकळलेली साधी वाटी घ्या. बाळाला बसतं धरा, वाटी खालच्या ओठाला टेकवा अन् थांबा. ओतू नका. त्याचं त्याला ओढू द्या. अन् आईला पाजायला बसवू नका. तिचा वास आल्यावर तो वाटीकडं कशाला बघंल?"

तेव्हापासून रुद्राणी पाजायच्या वेळी शेजारच्या ओट्यावर जाऊन बसायला लागली. तिथं आपल्याच पोराचं रडणं तिला भिंतीआडून ऐकू यायचं. सासू-सासरे आळीपाळीनं वाटी धरायचे.

पाजायची त्या घरात एक रीत होती. बाळाच्या तोंडाचं उष्टं लिंगाला लागू नये, म्हणून पाजणाऱ्यानं आधी शिवदोरा फिरवून पेटी पाठीवर टाकायची. हा नियम अप्पांचे वडील गुरप्पा यांचा. त्यांना तो कुणी सांगितला हे विचारायची पद्धत नव्हती. रुद्राणी बाळंत होऊन घरी आली त्याच दिवशी अप्पांनी शांतादेवींकरवी तो तिच्या कानावर घातला होता. आताही वाटी हातात घेण्याआधी दोघं पेटी मागं टाकायचे, मांडी घालायचे, आणि मृत्युंजय सगळी तयारी शांतपणे बघून घेऊन मग रडायला सुरुवात करायचा.

शुक्रवारी वच्छलाबाई दुकानात आल्या. पलीकडच्या वस्तीवर त्यांची शेती, गिऱ्हाईक जुनं. त्यांना चरवी पाहिजे होती.

"तोंड कावून उतरलंय, अप्पा?"

"नातू वाटीनं दूध घेईना. सोमवारी सुनेला ड्यूटीवर जायचंय."

"मंग बोंडल्यानं द्या की. सुरजच्या टायमाला तुमीच दिलतं मला."

"त्यानंबी घेईना."

वच्छलाबाईंनी फळीवरच्या बोंडल्यांची रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. "म्हंजी तुमचा माल तुमच्याच घरात खपंना."

अप्पांनी चरवी वाजवून दाखवली. "तुमचा सुरज पिला न्हवं पण?"

"कुठं पिला? थुंकायचा मेला. त्या बोंडल्यानं आमी समईत तेल घालतो. तीस वर्ष झाले. लई चांगलं हाय, थेंब सांडत न्हाई."

"मंग वापस कावून केलं न्हाई?"

"चांगली वस्तू वापस कावून करायची?"

त्यांनी जाताना वासराचा उपाय सांगितला: बोट चोखायला द्यायचं आणि चोखता चोखता हळूच तोंड बादलीत न्यायचं. अप्पांनी संध्याकाळी तो करून पाहिला. मृत्युंजयनं बोट वीस मिनिटं चोखलं. त्यातून काही निघत नाही याची खात्री पटल्यावर तो झोपला. अप्पा मात्र बराच वेळ तालुक्यातल्या समयांचा विचार करत होते.

शनिवारी सकाळी आठ वाजता अप्पांची पूजा आटोपली. तळहातावरचं लिंग पेटीत गेलं, पेटी छातीवर आली. दूध कोमट करून ठेवलेलं होतं, रुद्राणी ओट्यावर गेली होती, शांतादेवी गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. मृत्युंजयला मात्र कुणाची वाट बघायची नव्हती. त्यानं आवाज लावला तसं अप्पांनी त्याला उचललं, डाव्या हातावर बसवलं, उजव्या हातात वाटी घेतली, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की पेटी मागं टाकायची राहिली.

टाकायला आता हात नव्हता. शिवाय पेटी मृत्युंजयच्या मुठीत होती.

त्यानं ती अशी धरली होती की जणू त्याचीच वस्तू बरेच दिवस कुणीतरी लपवून ठेवलेली. रडणं थांबलं. अप्पांनी वाटी ओठाला टेकवली आणि सिस्टरनं सांगितल्यासारखे थांबले. मांजराच्या पिल्लासारखी जिभेची टोकं आत-बाहेर झाली. मग ओठ वाटीच्या काठावर बसले. थोडं हनुवटीवरून पेटीवर सांडलं, बाकीचं आत गेलं. वाटी रिकामी झाली. अप्पांनी सवयीनं ती जमिनीवर ठेवून वाजवून पाहिली.

त्यांनी पेटी ओल्या फडक्यानं पुसली, भस्म लावलं, आणि कुणाला काही न सांगता नऊला दुकान उघडलं. एकदा वाजलेल्या भांड्यावर भरवसा ठेवायची त्यांची पद्धत नव्हती. दुपारी घरी येऊन त्यांनी परत परीक्षा घेतली. पेटी पाठीवर : मृत्युंजयनं तोंड मिटलं, मान फिरवली. पेटी छातीवर : मूठ पुढं आली, तोंड उघडलं.

"अहो, पेटी पुढं हाय तुमची," स्वयंपाकघराच्या दारातून शांतादेवी म्हणाल्या.

"म्हाईत हाय."

त्या तिथंच उभ्या राहिल्या. पोरगं रडत का नाही हे बघायला रुद्राणीही ओट्यावरून आली. तिनं वाटी पाहिली, मूठ पाहिली, आणि जमिनीकडं बघत म्हणाली, "अप्पा, माझीपण धरतो तो. पहिल्यापासून. मी सुरुवातीला मागं टाकायची. पण आडवी झाले की पाठीला टोचायची. मग सोडून दिलं."

"मग सांगायचं न्हाई का?"

"सांगितलं असतं तर चाललं असतं का?"

अप्पांनी मृत्युंजयच्या हनुवटीवरचं दूध फडक्यानं टिपलं.

"अमरपण धरायचा," शांतादेवी म्हणाल्या. त्यांचा आवाज डाळ शिजायला लावली म्हणून सांगावं तसा होता. "आत्याबाईंनी, तुमच्या आईनं, बघितलं अन् मला मागं टाकायला लावली. अंगावर पीत होता, म्हणून नुसती कुरकुर करायचा. मी शाळेत गेले तेव्हा त्याच पाजायच्या. त्यांची तर मागंच असायची."

"तू कधी बोलली न्हाईस."

"मला तरी कुठं कळलतं? आत्ता कळतंय."

त्यांनी रिकामी वाटी उचलली आणि घासायला नेली. एवढ्याशा वाटीला त्या दिवशी बराच वेळ लागला.

त्या बाहेर आल्यावर अप्पा म्हणाले, "मग सोमवारपासून तू असंच पाज."

"मी न्हाई पाजणार. चौतीस वर्षं मागं टाकली, आता पुढं घ्यायला माझा हात धजायचा न्हाई. नियम तुमच्या घरचा हाय. मोडायचा तर तुमीच मोडा."

रविवारी अमरनाथ घरी होता. तो ठिबकचे संच विकतो आणि आठवड्यातले पाच दिवस गावोगाव फिरतो. इंजिनिअरिंगला गेल्यापासून त्याचं लिंग देवघराच्या खिळ्याला आहे. त्यानं सुटसुटीत तोडगा काढला. सोनाराकडून रिकामी पेटी आणून आईच्या गळ्यात घातली. रिकाम्या पेटीला शांतादेवींची हरकत नव्हती. मृत्युंजयनं ती धरली, हलवून पाहिली, सोडून दिली आणि रडायला लागला. बहुधा वजनाचा फरक पडला असावा.

"म्हणजे याला ओरिजिनलच पाहिजे," अमरनाथ म्हणाला.

"तुझं ओरिजिनल खिळ्याला हाय," अप्पा म्हणाले. विषय तिथं संपला.

सोमवारी आठ चाळीसच्या एसटीनं रुद्राणी गेली. निघताना डबीवर पट्टी चिकटवून तिनं लिहिलं होतं : अकरा वाजता, तीन वाजता. गाडी सुटेपर्यंत तिनं तीनदा फोन करून विचारलं की रडतोय का. तेव्हा तो झोपला होता. अकराला उठला, मूठ पुढं केली, वाटी संपवली आणि आजोबांच्या सदऱ्यावर ढेकर दिली. शांतादेवी पलीकडं बसून बघत होत्या. वाटी संपल्यावर त्या म्हणाल्या, "सव्वीस मिनिटं लागली." त्यांनी वेळ कधीपासून लावली होती ते कळलं नाही.

तीनच्या वाटीचा प्रश्न नव्हता, दुपारी अप्पा जेवायला घरी असतातच. रुद्राणी साडेपाचला परत आली. पदर सावरायच्या आधी तिनं डबी उघडून बघितली. रिकामी होती. त्या आठवड्यात तिनं रजेचा अर्ज केला नाही, पुढच्याही नाही.

पेटी रोज दोनदा पुसली जाते. गुरप्पांचा फोटो देवघराशेजारच्या भिंतीवर आहे. अप्पा पाजायला बसतात ते त्याच्याकडं पाठ करून. वच्छलाबाई मध्ये एकदा चरवीचं झाकण बदलून घ्यायला आल्या तर दुकान बंद. त्या पायरीवर बसून राहिल्या आणि अप्पा आल्यावर म्हणाल्या, "आजारी पडलता का काय?"

"न्हाई. काम हुतं."

फळीवर बोंडल्यांची रांग अजून आहे. ती विकताना अप्पा अजूनही वाजवतात, पण पोरगं मागून पिईल असं आता म्हणत नाहीत. शटरवरच्या पाटीवर "वेळ : सकाळी ९ ते रात्री ९" असंच लिहिलेलं आहे. दुकान साडेअकराला उघडतं.