खुर्च्यांचा अंदाज

निवडणूक कोण जिंकणार हे शहरात दोघांनाच आधी कळतं, असं लोक म्हणत. एक देवाला, दुसरं खुर्चीवाल्याला. आणि देव सांगत नाही.

खुर्चीवाल्याचा धंदा सभा-समारंभांना प्लास्टिकच्या खुर्च्या भाड्याने देण्याचा. भाड्याच्याच गोदामात तीन हजार खुर्च्या, पंचवीस-पंचवीसच्या थप्प्या. सभा संपली की तो स्वतः मैदानावर हजर. ज्या खुर्चीवर माणूस बसून गेला ती वाकडी सरकलेली असते, पायांना माती असते. जिच्यावर कोणी बसलंच नाही ती ठेवली तशी कोरी. मागच्या रांगांतल्या कोऱ्या खुर्च्या तो मोजून ठेवी. लागोपाठ तीन निवडणुका त्याचा अंदाज चुकला नव्हता.

एका धंद्यात एवढी अक्कल चालली की ती सगळीकडे चालेल असं माणसाला वाटू लागतं. त्यालाही वाटलं.

त्याची बायको एका दवाखान्यात रक्त तपासायची. चौदा वर्षांपूर्वी तिच्या हट्टापायी दोघांनी म्युच्युअल फंडात दर महिन्याला थोडे थोडे पैसे टाकायला सुरुवात केली होती. निम्मे त्याच्या नावावर, निम्मे तिच्या. कधीतरी स्वतःचं गोदाम घ्यायचं, एवढाच हेतू.

त्या वर्षी टीव्हीवर जो तो सांगत होता की सरकार कायम राहणार. शेअर बाजार त्याच भरवशावर वर चढत चालला होता. पण सत्तेवरच्या पक्षाच्या सभेतून खुर्च्या परत यायच्या त्या नुकत्या धुतल्यासारख्या. खुर्चीवाल्याने ओळखलं, हे सरकार जाणार. आणि सरकार गेलं की बाजार कोसळणार, हे तर टीव्हीवालेच म्हणत होते.

मेहुण्याने री ओढली. "भावोजी, सगळं जग चुकीचं बघतंय आणि खरं एकट्या तुम्हाला माहीत आहे. असा योग आयुष्यात एकदाच. आत्ता काढून घ्या, पडला की स्वस्तात परत घ्या."

मेहुण्याचा स्वतःचा बाजारात छदामही नव्हता, त्यामुळे त्याचा सल्ला अगदी निःस्वार्थी होता.

खुर्चीवाल्याने बायकोला सांगितलं तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"काढलेत, समजा. परत कधी घालायचे?"

"कोसळल्यावर."

"किती कोसळल्यावर?"

"तळाला गेला की."

"तळ आला हे कसं कळणार? तिथे कोऱ्या खुर्च्या असतात का?"

यावर त्याने जरा आवाज चढवला. ती शांतपणे म्हणाली, "तुमच्या नावावरचं तुम्ही बघा. माझं राहू द्या. फंडाचे पैसे शेवटी साबणाच्या नि औषधांच्या कंपन्यांतच असतात. सरकार कोणाचंही येवो, लोक अंगाला साबण लावायचे थांबत नाहीत, आणि आजारी पडायचेही."

त्याने त्याच्या वाट्याचं झाडून सगळं विकलं.

निकालाच्या दिवशी त्याचा शब्द न् शब्द खरा ठरला. सरकार पडलं. बाजारही धाडकन खाली आला. मेहुण्याचा फोन आला, "भावोजी, आता घ्यायचं का?"

"थांब," खुर्चीवाला म्हणाला, "ही तर सुरुवात आहे."

ती सुरुवात नव्हती, शेवट होता. दुसऱ्या दिवशी जिंकलेल्या पक्षाने जाहीर केलं की आमचं धोरण जुन्यापेक्षा फारसं वेगळं नाही. निवडणुकीत एकमेकांचे वाभाडे काढणाऱ्यांचं एवढ्या एका गोष्टीवर एकमत निघालं. आठवड्यात बाजार जागेवर आला, तिसऱ्या आठवड्यात त्याच्याही वर गेला.

"हा खोटा चढ आहे," तो म्हणत राहिला. आधी म्हणाला, अर्ध्यावर आला की घेईन. मग म्हणाला, जरा तरी पडू दे. शेवटी शेवटी, निदान थांबला तरी पुरे, इथवर तो उतरला. बाजाराने यातलं काहीच ऐकलं नाही.

इकडे एका वर्तमानपत्राने त्याचा फोटो छापला, रिकाम्या खुर्च्यांच्या थप्पीला टेकून उभा, आणि अंदाज कसा बांधतो याची सविस्तर हकिकत. जो भेटेल तो पाठ थोपटी. समोरचा औषधवाला डोळा मिचकावून म्हणाला, "तुम्ही तर चांगलंच कमावलं असणार." तो नुसता हसला. खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं तोंडातून निघत नव्हतं.

आठ महिन्यांनी गोदामाच्या मालकाने गोदाम विकायला काढलं आणि आधी त्यालाच विचारलं. दोघं कागद घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली. बायकोचे पैसे चांगले फुगले होते. त्याचे बँकेत होते तसे पडून, वर नफ्यावर कर भरावा लागला होता तो वेगळाच. त्याने मान खाली घातली आणि टोमण्याची वाट बघू लागला. टोमणा आलाच नाही.

"माझ्यातले काढू या," ती म्हणाली, "तुमचे घालू, आणि वरचं बँकेकडून घेऊ."

"तू काही बोलत का नाहीस?"

"काय बोलू? रिपोर्ट वाईट आला म्हणून पेशंटला कोणी ओरडतं का?"

तो उठून पाणी प्यायला गेला आणि येताना तिच्यासाठीही पेलाभर घेऊन आला.

गोदाम दोघांच्या नावावर झालं. तिचं नाव आधी घाला, असं त्यानेच दस्त लिहिणाऱ्याला सांगितलं. पुढच्याच महिन्यापासून दोघांचा फंडातला हप्ता पुन्हा सुरू झाला.

पुढल्या निवडणुकीला त्याच वर्तमानपत्राचा वार्ताहर अंदाज विचारायला आला. खुर्चीवाल्याने ठामपणे सांगितला, आणि तो साफ चुकला. कारण त्याची हकिकत सगळ्या पक्षांनी लक्ष देऊन वाचली होती. आता मागच्या रांगा रोजाने आणलेल्या माणसांनी भरायच्या, आणि एकही खुर्ची कोरी परत येत नव्हती. लोक आठवडाभर हसले. मेहुण्याने फोनच केला नाही.

त्या दिवशी बाजार पडला की चढला, हे त्याने पाहिलं नाही. हप्ता ठरल्या तारखेला गेला. आणि सभांच्या मोसमात खुर्च्यांना मागणी इतकी होती की त्याला आणखी पाचशे घ्याव्या लागल्या.